आपत्ती नाही

माझ्या आत्याचा कुणावर पटकन विश्वास बसायचा नाही. तोच गुण माझ्यात उतरलाय, असं घरात अजून म्हणतात. म्हणू देत.

नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. बुऱ्हाणपूरच्या कचेऱ्यांत नवी माणसं आली होती आणि त्यांची हिंदी आमच्या बाजारातल्या हिंदीसारखी नव्हती. आमच्या गावाखाली तापीच्या काठाला कुरण होतं. पूर ओसरला की गाळावर गुडघाभर मारवेल गवत यायचं. आत्या विधवा. तिच्या दोन म्हशी त्या गवतावर जगायच्या, आणि म्हशींच्या दुधावर ती.

एका सकाळी एक साहेब कुरण बघायला आला. बूट काढून गवतात फिरला, टिटव्या बघत उभा काय राहिला, बायकांना ‘माताजी, माताजी’ काय करत होता. आत्या माझ्या कानाशी लागली, “लय गोड बोलून राह्यला. काहीतरी न्यायलेच आला हा.” मलाही तो अजिबात आवडला नव्हता. ताक दिलं तर नको म्हणाला. आमचं ताक चालत नाही, मग आमच्या गवताशी याचं काय काम?

मग त्यानं सगळ्यांना गोळा करून भली मोठी शुद्ध हिंदी ऐकवली. गवत आणि पाखरं राखायची, एवढंच आम्हाला समजलं. शेवटी त्यानं विचारलं, “आप में से किसी को कोई आपत्ति है?”

बाजारातल्या हिंदीत हरकतीला ऐतराज म्हणतात. आपत्ती म्हणजे आम्हाला माहीत असलेलं संकट, पूर नाहीतर रोगराई. आत्याला वाटलं, डाव कळला. पुराचं रडगाणं गायलं की हा गाव धोक्याचं ठरवणार आणि आपल्याला नदीवरून उठवणार. तिनं पदर खोचला.

“आमाले काईच आपत्ती नाही. आजवर नव्हती, पुढंबी नाही.”

मागे वळून तिनं असे डोळे वटारले की सगळ्या गावानं माना डोलावल्या. साहेब हात जोडून निघून गेला. घरी येईपर्यंत आत्या खुशीत होती.

थंडी पडली तेव्हा कुरणाला तारेचं कुंपण झालं आणि फाटकाशी चौकीदार बसला. त्यानं म्हशी अडवल्या. आत्या तणतणत गेली, मी तिच्या मागे.

चौकीदार आमच्याच भागातला होता. “आक्का, साहेबानं विचारलं तवा तुमीच म्हनल्या ना, हरकत नाही?”

“मी कवा म्हनली?”

“आपत्ती नाही म्हनल्या. त्याईच्या हिंदीत आपत्ती म्हंजे हरकत.”

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! आजही तो शब्द ऐकला की होतो. म्हशी तारेतून माना घालून गवत ओढत होत्या, त्यांना आत्यानं मागे घेतलं.

“मंग त्याईच्यात संकटाले काय म्हनतेत?” तिनं विचारलं.

“विपत्ती.”

“साहेबाले सांग,” आत्या म्हणाली, “मले विपत्ती आहे.”