पोलीस बाहेर, फोन आत

आज एका अशिलानं माझी चांगलीच जिरवली, म्हणून लिहितेय.

गरिबांना सरकारी खर्चानं वकील देणाऱ्या ऑफिसात मी काम करते. आम्हाला नवीन ॲप मिळालंय. अशील बोलतो, फोन ऐकतो, जामीन अर्ज तयार! फायलींचा ढीग बघता मीही खूश होते.

आज शेषरावांना जेलमधून कोर्टात आणलं होतं. बजाजनगरचे कंत्राटी कामगार, कंपनीतली तांब्याची तार चोरल्याचा आरोप. नेहमीप्रमाणं पोलिसाला बाहेर थांबवलं, दार लावलं आणि टेबलावर फोन ठेवून ॲप चालू केलं.

शेषराव फोनकडं बघत म्हणाले, "म्याडम, पोलिसाला भायेर काढलं अन् ह्याला आत ठिवलं व्हय? ह्यो कुणाला सांगतो?"

मला माहीत नव्हतं. तिथूनच ॲपच्या कंपनीतल्या माणसाला फोन लावून विचारलं.

"मॅडम, डेटा एकदम सेफ आहे."

"पण कुणाकडं?"

"ते वर विचारावं लागेल."

फोन बंद केला, पेन काढलं. तेव्हा कुठं शेषरावांच्या तोंडून कंपनीतल्या सुपरवायझरचं नाव निघालं.

लिहून बोटं दुखतायत. ॲप चांगलंही असेल. पण मला सांगा, लाखांची फी देणाऱ्या अशिलापुढं कुठला वकील न विचारता असा फोन ठेवील?