मान-मोईच्या रांजणावरचा दगड

आमच्या गावात हिरव्या दगडांचं संग्रहालय निघालं आणि संचालक त्साईसाहेब ह्वालियन शहरातून पांढरे हातमोजे घेऊन हजर झाले. पूर्वी डोंगरातून ॲस्बेस्टॉस काढताना मध्ये येणारा हिरवा दगड लोक शिव्या घालत ओढ्यात ढकलायचे. आता त्यालाच साहेब हातमोज्यांशिवाय शिवत नव्हते. कपाटं सत्तर आणि दगड चाळीस, म्हणून ते दारोदार हिंडू लागले.

असे ते माझ्या शेजारणीकडे आले. मान-मोईवहिनी एकोणऐंशी वर्षांची, एका कानानं बहिरी. कोणता कान, ते समोरच्या माणसावर ठरायचं. तिचा नवरा आ-छिन बावीस वर्षं त्या ॲस्बेस्टॉसच्या खाणीत होता. मोहरीचा पाला खारवताना रांजणात वजन हवं, म्हणून त्यानं एकदा पाठीवरून एक दगड आणून दिला होता. तो दगड चाळीस हिवाळे पाल्यावर बसला होता.

"आजी, हा अस्सल जेड आहे, रत्न आहे!" साहेब जवळजवळ ओरडले.

"दगड आहे हो."

"याची किंमत तुम्हाला कळत नाही!"

"कळते की. याच्याहून हलका ठेवला तर पाला वर येतो अन् बुरशी धरतो."

साहेब तीनदा वाकले, पाटीवर नवऱ्याचं नाव लिहू म्हणाले, तेव्हा कुठे तिनं दगड सोडला. समारंभ झाला, सरपंच बोलले, तिला काचेचं मानचिन्ह मिळालं. तिनं ते घरी आणून सरळ रांजणात घातलं. त्या वर्षी सगळा पाला नासला. त्यातली एक बरणी तिनं साहेबांना भेट पाठवली.

समारंभानंतर आठवड्याभरानं आम्ही दोघी संग्रहालयात गेलो. दगड काळ्या मखमलीवर, खालून दिवा. तिला वाचता येत नाही, म्हणून मी पाटी वाचली, "ग्रामकन्येचे हिरवे स्वप्न. नदीच्या कुशीतून निष्पाप हातांत आलेले."

"स्वप्न कुणाचं?"

"तुझं, वहिनी."

"मला मेलीला अंथरुणावर पडलं की सकाळच होते. आणि आ-छिन कुठाय?"

"नाहीये."

ती तडक साहेबांच्या खोलीत शिरली. साहेब गोड आवाजात म्हणाले, "आजी, लोक इथे आनंदासाठी येतात. खाण, धूळ, खोकला... वातावरण जड होतं."

"शेवटची दोन वर्षं तो बसून झोपायचा. आडवं झालं की श्वास अडकायचा. ते वातावरण आमच्या दीड खोलीत मावलं. तुमच्या हॉलमध्ये मावत नाही?"

साहेबांनी हातमोजे नीट केले.

दुसऱ्या दिवशी ती स्टूल घेऊन त्या कपाटाशेजारी जाऊन बसली. येईल त्याला सांगू लागली, "पाटीवर थापा आहेत, माझ्याकडून ऐका." सुरुवातीला लोकांना ती प्रदर्शनातलीच वस्तू वाटली, त्यांनी तिचे फोटो काढले. साहेबांनी 'शांतता राखा' असा फलक लावला. तिला तो वाचता येत नव्हता. मग तैपेईहून शिक्षकांची बस आली आणि अभिप्रायाच्या वहीत लिहून गेली, की इथे पाहण्याजोग्या या आजीच आहेत. झालं! साहेबांनी तिला स्वयंसेवकाचं जाकीट दिलं आणि दहा ते अकरा बोलायची परवानगी. फक्त खोकल्याचं वगळायचं.

जाकीट उबदार होतं, ते तिनं घेतलं. खोकला वगळला नाही. आ-छिन खोकायचा तसा खोकून दाखवायची. तेव्हा हॉलमध्ये कुणी फोटो काढत नसे.

शेवटी पाटी बदलली. मी वाचली, "दाते : चुंग कुटुंब. कै. आ-छिन यांना दगड जमवण्याचा छंद होता."

वहिनी इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "छंद! तुझ्याकडे पेन आहे ना? लिही."

मी माझ्या न्याहारीच्या दुकानाच्या बिलामागे लिहिलं, "आ-छिन. खाणकामगार. धुळीनं फुप्फुसं गेली. दगड मोहरीच्या पाल्यावर ठेवायला आणला होता." भाताच्या खळीनं तिनं तो कागद काचेवर डकवला. साहेबांनी तो तीनदा खरवडला, आम्ही तीनदा लावला. चौथ्यांदा त्यांनी नाद सोडला, कारण बदलीचा हुकूम आला होता.

नवे साहेब अजून आलेले नाहीत. कागदाचा एक कोपरा सुटलाय. वहिनी येता-जाता त्याच्यावर अंगठा दाबते.