पाहुण्यांचं पाणी

लीलाताई घोरपडे गेल्या पौषात गेल्या. तेराव्याला आलेली मंडळी म्हणाली, मोठी पुण्याई, झोपेत गेली. त्या बाईची झोप कधीच उडाली होती, हे त्यांना काय ठाऊक?

शहराच्या लश्कर भागाच्या टोकाला, रेल्वे फाटकापलीकडे आमची पागेची वस्ती. आजे-पणजे घोडदळात होते म्हणून हे नाव. घोडे गेले, जमिनी गेल्या, ऐट तेवढी राहिली. लीलाताई नई सडकेवर एका साडीच्या दुकानाबाहेर मशीन टाकून फॉल-पिको करायच्या. मुलगा-सून सुरतेला कारखान्यात, नात गरिमा आजीपाशी. लीलाताईंची जीभ कात्रीहून तेज. मी मोर्चाहून परतलो की दारातूनच म्हणायच्या, "विक्रम, साऱ्या शहराशी भांडतोस, पण लग्न करून एका बाईशी भांडायची हिंमत नाही तुझी!"

वस्तीत घरोघरी बोअर, आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. पोरांचे दात डागाळलेले, म्हाताऱ्यांच्या कमरा लाकडासारख्या. गरिमाचे पाय गुडघ्यातून बाहेर वाकायला लागले होते. डॉक्टरने साफ सांगितलं, पाणी बदला, हाडं कोवळी आहेत तोवरच. म्हणून मला नळाचं पाणी हवं होतं. लवकर हवं होतं.

पाणी खात्याच्या ऑफिसात बोंबा मारून मारून शेवटी तपासणी मंजूर करून घेतली. आमच्या गल्लीतली शिखा कॉलेजात सांख्यिकी शिकते. तिने मला बसवून समजावलं. सगळ्या घरांचं पाणी तपासत नाहीत. काही घरांचं घेतात, त्याची सरासरी काढतात आणि त्यावरून वस्तीच्या सरासरीचा अंदाज बांधतात. आधी धरून चालायचं की पाणी मर्यादेत आहे. मग आकड्यांनी ते खोटं पाडायचं.

"म्हणजे आधी चोराला साव म्हणायचं?" मी भडकलो.

"हां भैया. पुरावा आपल्याला द्यावा लागतो."

"मग सगळ्यात खराब घरं निवडू. गरिमाचं पहिलं."

"वो बेईमानी होगी. ती वस्तीची सरासरी थोडीच झाली? चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची."

शितावरून भाताची परीक्षा, एवढं मलाही कळतं. मानलं तिचं. चिठ्ठ्या टाकल्या.

जेठातल्या रणरणत्या दुपारी कर्मचारी बाटल्या घेऊन वस्तीत आले. मी तेव्हा ऑफिसात ठाण मांडून होतो, बाटल्या तिथून कुठे गायब होऊ नयेत म्हणून. सरकारी माणसांना मी ओळखतो. माझ्या माणसांना ओळखतो, असंही वाटत होतं.

निकाल आला. सरासरी मर्यादेहून जास्त आहे असं म्हणायला आधार मिळत नाही. साहेबाने त्याचा सरळ अर्थ लावला, पाणी चांगलं आहे. फाईल बंद. मी टेबलावर मूठ आपटली, शिपायाने बाहेर काढलं.

शिखाने मात्र घरोघरचे आकडे मागून घेतले आणि बघतच राहिली. "भैया, कुठला बोअर खोल, कुठला उथळ. आकडे वरखाली व्हायला पाहिजेत. हे तर सगळे जुळे भाऊ! और फर्क जितना कम, निकाल उतना पक्का दिसतो. हे सगळं एकाच भांड्यातलं पाणी आहे."

बाटल्या भरल्या त्या दिवशी वस्तीत सगळ्यांच्या पुढे लीलाताई होत्या, म्हणून आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी काही लपवलं नाही. उलट मान ताठ करून म्हणाल्या, "मग? उन्हातून आलेली माणसं. पहाटेच बावडीवरून गोड पाणी आणवलं पोरींकडून. घरोघरी कळशी पाठवली. प्यायला तेच दिलं, बाटलीतही तेच."

बावडी म्हणजे जुनी पायविहीर, लांब आणि पाणी बेताचं; म्हणून आमच्या वस्तीत आपण बोअरचं पितो, पण पाहुण्याला बावडीचंच पाजतो. पिढ्यान्‌पिढ्या.

"आजी, बाटली तपासायला होती!"

"ठाऊक आहे गं. पण मागितलं तर माझ्या दारात ना? घोरपड्यांच्या हातून कुणाला खराब पाणी गेलं नाही आजवर. बोअर तर समोरच होता, त्यांना डोळे नव्हते?"

मी ओरडणार होतो. ओरडलोही असतो. पण तेवढ्यात गरिमा आतून चालत आली, आणि तिच्या पायांकडे बघता बघता लीलाताईंना स्वतःच उमगलं. चेहराच उतरला. त्यांनी पोरीला जवळ ओढलं आणि पदराने तिचे गुडघे झाकले.

फेरतपासणीसाठी धरणं, अर्ज, दुसरा उन्हाळा गेला, मग पावसाळा. शेवटी पुन्हा बाटल्या आल्या. कमरेतून वाकता येत नव्हतं तरी लीलाताई बोअरपाशी स्वतः उभ्या राहिल्या. बाटली भरून त्या कर्मचाऱ्याच्या हातात देताना म्हणाल्या, "माफ करना बेटा." त्याला काही कळलं नाही. या वेळी आकडे वरखाली होते आणि सरासरी मर्यादेच्या इतकी वर, की साहेबाला सही करावी लागली. नळ आला.

डॉक्टरने गरिमाला तपासलं. "अब और नहीं बिगड़ेगा. जो मुड़ गया, वो मुड़ गया."

त्या दिवसापासून मशीनवर झाकण पडलं. शिखा भेटायला गेली तेव्हा मी तिथेच होतो. गरिमा आजीला टेकून बसली होती. मग लीलाताईंनी विचारलं, "पोरी, तू शिकलेली. खरं सांग. पहिल्या वेळी मी बोअरचं भरलं असतं, तर हिचे पाय सरळ राहिले असते?"

शिखा माझ्याकडे बघायला लागली. मी नजर वळवली.

"आजी, एका मुलीवरून नाही सांगता येत. त्याला पुष्कळ मुलं तपासावी लागतात."

"असेल बाई," लीलाताई म्हणाल्या. "माझ्याकडे तर एकच आहे."