विकतची गाडगी

लग्नाच्या आहेरासाठी मी मातीची भांडी घडवून देते, नवरानवरीची नावं कोरून. नांदेडात ती लोक आवडीनं नेतात. परवा पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या लेकीच्या लग्नासाठी चाकावर बसले, आणि ओल्या मातीच्या वासानं भोकरजवळच्या आमच्या गावातलं अंगण डोळ्यांपुढं आलं.

माझं लग्न चार दिवसांवर होतं. गावातल्या प्रत्येक लग्नाची गाडगी आबांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या हातची. माझ्या लग्नाची मात्र ते हदगावच्या कुंभाराकडून घेऊन आले. एसटीतून, धोतरात गुंडाळून, मांडीवर धरून.

"आबा, कुंभाराच्या पोरीला इकतची गाडगी? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे, माय. लई चांगली हायत, बघ."

एवढं बोलून ते एकेक गाडगं बोटानं वाजवून, कान लावून ऐकत बसले. चाकाशेजारी कशावर तरी ओलं गोणपाट टाकलेलं होतं. आबांनी माझ्याच वेळी कंटाळा केला, असं मी मनात धरलं. पाठवणीला आईच्या गळ्यात पडून रडले. आबांच्या नुसत्या पाया पडले.

परवा लेकीचं भांडं काठाशी आलं की हात कापायचे आणि ते ढासळायचं. तीनदा ढासळलं. तो चिखल लेकीच्या नजरेला पडू नये म्हणून मी त्याच्यावर ओलं गोणपाट ओढलं, आणि तशीच बसून राहिले.

आबांचं गोणपाट मी उचलून पाहिलं नव्हतं.