बाबांच्या टॉवरची पाळी

आमची ताई हट्टी आहे. हे मी धाकटा भाऊ म्हणून सांगतो आणि अभिमानाने सांगतो. फोन कंपनीत तिचं काम एकच, कुठल्या टॉवरवरची जुनी यंत्रं आधी बदलायची आणि कुठली नंतर, हे ठरवणं. नवी यंत्रं मोजकी, टॉवर उदंड. कमी खर्चात जास्तीत जास्त लोकांची सोय कशी होईल, हे गणित संगणक सोडवतो. त्याला अटी घालते ताई.

या वेळी गणिताने डोंगरावरचा टॉवर सगळ्यात शेवटी टाकला. तिथल्या गावात आमचे बाबा एकटे राहतात. त्यांचा आवाज सारखा तुटायचा, मग फोनच येईनासे झाले. पडले-झडले तर आम्हाला कळणार कसं?

"वाढपी ओळखीचा असला की पंगतीच्या टोकाला बसलं तरी चालतं म्हणतात," मी म्हणालो. "आणि आपले बाबा उपाशी! सरकव की त्यांना वर."

"एक टॉवर हाताने सरकवला, की बाकीचं गणित चुलीत घालायचं," ताई म्हणाली. मी जाम भडकलो.

रविवारी आम्ही डोंगरावर गेलो. बाबा ठणठणीत होते.

"फोन का करत नाही, बाबा?"

"लागतो कुठे? किती वेळा डोकं आपटायचं? दिलं सोडून."

ताईच्या हातातला चहा तसाच राहिला. तिचं गणित फक्त लागलेले फोन मोजत होतं. जिथे फोन लागतच नाहीत, तिथे कुणाला गरजच नाही, असा त्याचा समज! ज्याचे हाल जास्त, त्याचाच नंबर शेवटी.

सोमवारी तिने अट बदलली. न लागलेले फोनही मोजायचे, आणि वस्ती मोठी असून फोन कमी असले तर ती आधी तपासायची. साऱ्या टॉवरांना एकच नियम. साहेब कुरकुरले, ती हटली नाही. पहिला नंबर आला खाणीजवळच्या कुठल्याशा वस्तीचा. बाबा आले मधे कुठेतरी.

"एवढं करून मधेच?" मी तोंड वाकडं केलं.

"त्यांच्याहून जास्त हाल होणारी माणसं आहेत रे," ती म्हणाली. मला तिचा रागही आला आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं.

यथावकाश डोंगरावर नवी यंत्रं बसली, आणि ताईचा फोन वाजला. बाबांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ. तिचे डोळे भरले.

"आधी सांग," बाबा म्हणाले, "माझी पाळी होती, की मधेच घुसवलंस मला?"

"पाळीच होती, बाबा."

"मग बोल निवांत."