बायनाबाईला कुणी विचारलंच नाही

माझ्या सासूबाईंची आत्या बायनाबाई चौसाळ्याला दिली होती, निजामाच्या राज्यात. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तिचं ओटीपोट दुखू लागलं. जात्यावर बसली की कळ यायची, अंगावरून पांढरं जायचं, मधूनच ताप भरायचा. सासू केशरबाई म्हणायची, "दळायची येळ झाली की बरं दुखतं हिचं."

नवरा रामकिसन तिला देवऋषाकडं नेई, बीडच्या हकिमाकडं नेई. हकीम पडद्याबाहेरून विचारायचा आणि उत्तर द्यायचा रामकिसन, "लागीर हाय, भूतबाधा, दुसरं काय." दुखणं हिचं, तोंड त्याचं. शेवटी मूल नाही म्हणून घाटनांदूरची मुलगी दुसरी करायचं ठरलं.

तेव्हा भाऊ शहादेवनं तिला गाडीत घालून बीडला नेलं. तिथं मिशनची एक मराठी डॉक्टरीण आली होती. तिनं आधी शहादेवला बाहेर बसवलं. पोट दाबून पाहिलं, आतून तपासलं, मग विचारलं, "धन्याला कधी लघवीला जळजळ व्हायची?"

"व्हायची की. लगीन झालं तवाच. त्याच हकिमानं चंदनाचं तेल दिलतं, मीच बत्ताशावर घालून द्यायची. म्हनायचे, उष्णता झालीया."

"हे आजवर कुणाला सांगितलं नाहीस?"

"इचारलं कुणी?"

परमा हा गुप्तरोग नवऱ्याचा, तो हिला लागून आत सूज धरली होती. डॉक्टरीण म्हणाली, शेकानं, विश्रांतीनं दुखणं उतरेल, मूल राहणं अवघड. नवऱ्यानं इलाज केल्याशिवाय त्याच्याजवळ जाऊ नको.

घरी येऊन तिनं हे सांगितलं, तर रामकिसन म्हणाला, "मी ठणठणीत हाय." मला त्याच्याइतकाच त्या हकिमाचा संताप येतो. नवऱ्याचा रोग ओळखून तेल दिलं, आणि बायकोच्या वेळी लागीर ऐकून मान डोलावली.

सुपारी फोडायला मुलीचे आईबाप आले, छबुबाई आणि विठ्ठलराव. बायनाबाई सरळ छबुबाईपुढं जाऊन बसली.

"मावशी, मला लागीर न्हाई. ह्यांचा परमा हाय. तुमच्या लेकीला बी हेच व्हईल."

"सवत नको म्हणून बोलतीया," केशरबाई हसली.

"मग त्यांनाच इचारा, चंदनाचं तेल कशापायी घेत व्हते."

ते तेल कशावर देतात हे पुरुषांना पक्कं ठाऊक. विठ्ठलरावांनी रामकिसनकडं पाहिलं. तो आईकडं बघू लागला. छबुबाई उठली, नवऱ्याला म्हणाली, "गाडी जुंपा."

बायनाबाईला त्याच दिवशी माहेरी धाडलं. गावभर बोभाटा झाला तो तिच्या जिभेचा. बाईच्या जातीनं चारचौघांत असलं बोलावं का म्हणून. परम्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.