दोषांसकट विकणे आहे

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत आपल्याच मालाची बदनामी करून तो विकणारा माणूस एकच, आणि तो माझा सासरा आहे. सोनिवलीचं जुनं घर विकताना त्यांनी गिऱ्हाइकाला आधी चहा पाजला आणि मग हाताला धरून घरभर ओल दाखवत फिरवलं. शेजारी पहाटेपासून भांडतात हेही सांगितलं, आणि खात्री करून घ्यायला मुक्कामाला राहण्याचा आग्रह केला. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा जयभीम झाल्या झाल्या म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण रागीट आहे. मागाहून म्हणाल, सांगितलं नाही." आत भांडं आपटल्याचा आवाज आला. "बघा," ते समाधानाने म्हणाले. मी तिथल्या तिथे होकार दिला.

पालेगावच्या बाजूला त्यांचा रबरी वॉशर बनवणारा कारखाना होता. छोटीशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. निम्मे शेअर यांचे, निम्मे उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये राहणाऱ्या त्यांच्या सिंधी भागीदाराचे. दोघांचीही वयं झाली आणि पुढे बघणारं कोणी नव्हतं. मी बँकेतला, वॉशर आणि मेदुवडा यांतला फरक मला लांबून कळत नाही. अखेर पुण्याची एक कंपनी सगळे शेअर घ्यायला आणि कामगार आहेत तसे ठेवायला तयार झाली. सौदा फिसकटला तर कारखान्याला कुलूप लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

करारात एक कलम होतं. कंपनीत कुठलाही वाद, देणं किंवा दोष नाही, अशी हमी विकणाऱ्यांनी द्यायची. अपवाद असतील तर ते जोडपत्रात लिहायचे. लोक तिथे 'निरंक' लिहून मोकळे होतात. सासरेबुवांनी पानंच्या पानं भरली. मागच्या भिंतीवरून शेजारच्या गाळेवाल्याशी चाललेली कुरबूर, परत आलेला माल, दमट हवेत अडून बसणारा प्रेस, गळका पत्रा, आणि गोडाऊनमधल्या मांजरीशी कंपनीचा कसलाही करार झालेला नाही, हेसुद्धा.

भागीदार शेठनी कपाळाला हात लावला. "साईं, तू कंपनी विकतोस की पोलीस स्टेशनात जबानी देतोस? पार्टी भाग जाएगी!"

"पळायचं तर आत्ताच पळू दे," सासरे म्हणाले. "सही झाल्यावर कोर्टात भेट नको."

पार्टी खरोखरच गप्प झाली. शेठनी बोलणं टाकलं. जेवणाच्या सुट्टीत कामगार सासऱ्यांकडे नुसते बघत बसायचे. त्या दिवसांत त्यांची एक पोळी कमी झाली, पण जोडपत्रातली एक ओळ कमी झाली नाही. शेवटी पार्टी परत आली, किंमत थोडी उतरवून, पण सगळे कामगार ठेवून. संचालकांचा ठराव, शेअर हस्तांतराचे कागद, मुद्रांक, सगळं रीतसर पार पडलं.

वर्ष सरायच्या आत तो गाळेवाला भिंतीसाठी कोर्टात गेला. नव्या मालकांनी खर्च जुन्यांकडून वसूल करायला वकील लावला. वकिलाने जोडपत्र उघडलं, तर पहिल्याच पानावर भिंत, नकाशासकट! जे आधीच लेखी सांगून विकलंय त्याची भरपाई मागता येत नाही, एवढं सांगून त्याने फाइल मिटली. शेठ मिठाईचा बॉक्स घेऊन आले आणि दारातच सासऱ्यांच्या गळ्यात पडले. "साईं, तू माझा बुढापा वाचवला." अभिमानाने माझा ऊर भरून आला. मी यांचा जावई आहे, हे तेव्हापासून मी कोणी न विचारता सांगत सुटतो.

परवा बदलापूरला जाताना त्यांनी गाडी कारखान्याकडे वळवायला लावली. आत यंत्रं चालू होती. पाटी नवी होती, वॉचमनही नवा होता. "किसको मिलना है, अंकल?" त्याने विचारलं.

"कोणाला नाही," म्हणाले आणि परत येऊन गाडीत बसले.

"अप्पा, वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"छे! वाईट कसलं?" असं म्हणून ते रुमालाने खिडकीची काच पुसू लागले. बराच वेळ पुसत होते. काच बाहेरून मळलेली होती.